आकड्यांना मानवंदना

नोव्हेंबर आला की खडकीच्या वॉर सिमेट्रीत पाहुण्यांच्या गाड्या लागतात. कापलेली हिरवळ, एका रांगेतले पांढरे दगड, बिगूल, पुष्पचक्रं, कोटावर लाल कागदी फूल, दोन मिनिटांची शांतता. सगळं कसं नेटकं. या सोहळ्यावर माझा राग नाही. तो उरकून चहा घेताना आपल्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं, ते मला बघवत नाही.

कारण पहिल्या महायुद्धात भारतीय शिपाई ज्या आघाडीवर सर्वाधिक मेला, तिथे त्याच्या वाट्याला दगडावरचं नावसुद्धा आलेलं नाही. ती आघाडी मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक. ज्यांची कबर सापडली नाही अशा चाळीस हजारांहून अधिक माणसांचं स्मारक १९२९ साली बसऱ्यात उभं राहिलं. त्यावर गोऱ्या सैन्यातल्या अगदी साध्या सोजिराचंही नाव आहे. आपल्याकडच्यांपैकी सुभेदार-जमादारांना नावं मिळाली. त्यांच्याखालचे हवालदार, नाईक, शिपाई? पलटणीचं नाव, अधिकाऱ्यांची नावं आणि पुढे ‘इतर भारतीय शिपाई’ म्हणून एक संख्या. संपलं.

दगडावर जागा पुरली नसेल, असं म्हणणारा कुणी साळसूद भेटतोच. त्याने बेल्जियममधलं मेनिन गेट बघावं. तिथे चोपन्न हजारांवर नावं कोरली आहेत. किंवा फ्रान्समधल्या नव्ह शापेलला जावं. १९२७ साली तिथे उभ्या राहिलेल्या भारतीय स्मारकावर आपल्याच शिपायांची साडेचार हजारांहून जास्त नावं आहेत, साध्या शिपायांसकट. म्हणजे युरोपात, चार लोक बघतात तिथे, मेलेला हिंदी शिपाई समान. बसऱ्याला कोण फिरकणार होतं? तिथे नुसती मोजदाद पुरली.

आणि मोजदाद कुणाची, तेही ऐका. इंग्रज सेनापती टाउनशेंड साहेबाबरोबर तैग्रिस नदीच्या काठाने बगदादकडे निघालेली सहावी डिव्हिजन ‘पूना डिव्हिजन’ म्हणूनच ओळखली जायची. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिच्यात होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये कूत-अल-अमाराला तुर्कांनी वेढा घातला. १४७ दिवस. धान्य संपत आलं, घोडे कापून खायची पाळी आली, स्कर्व्हीने माणसं खंगली. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि तेरा हजारांच्या आसपास माणसं कैदेत गेली. टाउनशेंड साहेब इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिले. कैदेत असतानाच त्यांना ‘सर’ही करण्यात आलं. शिपाई मात्र वाळवंट तुडवत उत्तरेला निघाले. वाटेत पडला तो पडला. उरलेल्यांना रास-अल-ऐनकडे रेल्वेच्या कामाला जुंपलं. महिना अकरा रुपये पगारावर गेलेल्या या माणसांची किंमत दगडावर एका आकड्याने चुकती झाली.

एप्रिल २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाने स्वतःच्या चौकशी अहवालात हा भेदभाव मान्य केला, आणि ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. शंभर वर्षं लागली, पण मागितली. आपण इंग्रजाला शिव्या घालायला मोकळे झालो. शिव्या घालाव्यातच. पण मग आपण काय केलं, हेही कुणीतरी विचारायला हवं, आणि ते विचारलं की सभेत खाकरण्याचे आवाज सुरू होतात.

आपल्या गावोगावी त्या युद्धाच्या शिळा आहेत. या गावातून इतके गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. बसऱ्याचं सोडा, स्वतःच्या गावातसुद्धा आकडाच. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याने पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावली आणि ‘मिलिटरी’ हा शब्द गावाच्या नावातच आला. ते गाव निदान विसरलेलं नाही. बाकी ठिकाणी शिळेवर ऑइलपेंटचे हात चढतात आणि वर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स. फ्लेक्सवर मात्र गल्लीतल्या झाडून सगळ्या कार्यकर्त्यांची नावं असतात, फोटोंसह.

‘ते इंग्रजांसाठी लढले, त्यांचं कौतुक कशाला?’ हा प्रश्न ज्यांना फार तिखट वाटतो, त्यांनी १९१८ साल आठवावं. गांधीजी खेडा जिल्ह्यात रंगरूट गोळा करत पायपीट करत होते. हिंदी तरुणांना अधिकारपदं मिळणार असतील तर भरतीला हातभार लावायची लोकमान्यांचीही तयारी होती. पुढाऱ्यांचा तो मुत्सद्दीपणा आणि शिपायाची मात्र गुलामी, हा हिशोब मला कळत नाही. महारांचं तर विचारूच नका. लढाऊ जातींच्या शास्त्राचा टेंभा मिरवत त्यांची भरती बंद केली होती. माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि गरज सरल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली. या माणसांना देशद्रोहाचा दाखला कोण देणार, दिवाणखान्यात बसून?

आपली स्मृतीसुद्धा सोयीची. पहिल्या महायुद्धात आपल्या शिपायांनी हैफा जिंकलं होतं, आणि इस्रायलशी दोस्ती आहे, म्हणून दिल्लीच्या तीन मूर्ती चौकाला २०१८ मध्ये हैफाचं नाव जोडलं. कूतला हरलो, म्हणून कूतचा चौक नाही. मुंबईत मशीद बंदरच्या खलाशांच्या सदनात पहिल्या युद्धात समुद्रातच राहिलेल्या दोन हजारांहून अधिक दर्यावर्दींचं स्मारक आहे. किती मुंबईकरांनी पाहिलंय? दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून बाविसाव्या वर्षी इटलीत पडलेल्या माणगाव तालुक्यातल्या यशवंत घाडगेंसाठी मोंतोने या छोट्या इटालियन गावाने २०२३ मध्ये सूर्यघड्याळाचं स्मारक केलं. ते लोक त्यांचे ना नात्याचे ना गोत्याचे.

बसऱ्याचं स्मारक सद्दामच्या हुकुमाने १९९७ मध्ये उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन मांडलं. तिथे जाऊन छिन्नी चालवणं आपल्या हाती नाही. गावातल्या शिळेपाशी कोण अडवतंय? नावं हरवलेली नाहीत. ती कागदावर होती, फक्त कोरायची नव्हती. युद्धस्मारक आयोगाची नोंदवही आज इंटरनेटवर फुकट बघता येते. अनेक नोंदींत बापाचं नाव, गाव आणि जिल्हाही आहे. इंग्रज कारकुनांनी गावांच्या नावांचं जे कडबोळं केलंय, ते सोडवायला मात्र गावचाच माणूस लागेल. शाळेतल्या पोरांना बसवा, म्हाताऱ्यांना विचारा, भावकीत चौकशी करा. मग शिळेशेजारी दुसरा दगड लावा आणि त्यावर नावं कोरा, जातीची उतरंड न लावता. सरपंचाचं आणि आमदाराचं नाव त्यावर नको. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा ठराव मांडा, आणि खर्चाचं रडगाणं कुणी गायलंच, तर गेल्या वर्षीच्या फ्लेक्सचं बिल काढून दाखवा.