वळलेली बोटं आणि कागदांची पिशवी

मैत्रिणींनो, पावसाळ्यात पापड-कुरडया कशा टिकवाव्यात हे गेल्या खेपेला लिहिलं होतं. आजचा विषय अगदी निराळा, पण आला तो स्वयंपाकघरातूनच. आषाढीच्या आदल्या दिवशी आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी वाटीभर साबुदाणा मागायला आल्या. बरोबर त्यांचा धाकटा, नऊ वर्षांचा. मी लाडू पुढे केला तर त्यानं तो डाव्या हातानं घेतला. शाळेत शिकवत असल्यामुळे मुलांचे हात बघायची मला सवय. उजव्या हाताची बोटं आत वळलेली होती, आणि ती सरळ होत नव्हती.

“अगोबाई, हे कधी झालं?”

मग वहिनी ओट्याला टेकून बोलू लागल्या. मागच्या वर्षी गड्ड्याच्या दिवसांत पोरगा जिन्यावरून पडला. कोपराच्या वर हाड मोडलं. इथल्याच एका खाजगी दवाखान्यात नेलं, हाड बसवून प्लास्टर घातलं, दोन रात्री ठेवून घेतलं. पहिल्याच रात्री पोर रडून रडून बेजार. बोटं सुजली, निळसर पडली. वहिनींनी नर्सला तीनदा उठवलं. “प्लास्टर नवं आहे, दोन दिवस दुखणारच,” एवढंच उत्तर. प्लास्टर कापलं ते तिसऱ्या दिवशी. तोवर आतले स्नायू रक्ताअभावी मेले होते, असं नंतर पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं.

ज्यांच्या घरी मुलं आहेत त्यांनी एवढं पक्कं लक्षात ठेवा. प्लास्टर घातल्यावर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं, बोटं थंड, पांढरी किंवा निळी पडली, मुंग्या आल्या, किंवा बोट हलकेच सरळ केलं तरी मूल किंचाळलं, तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच घटकेला डॉक्टरांना बोलवायचं. ते येत नसतील तर दुसरा दवाखाना गाठायचा. इथे तासांचा हिशेब असतो.

“मग तुम्ही काही केलं नाहीत?” मी विचारलं.

“काय करणार? हे तर मारायलाच निघाले होते. मीच धरून ठेवलं. डॉक्टरांशी कोण भांडणार?”

धरून ठेवलं हे फार बरं केलं. दवाखान्यात मारहाण-मोडतोड करणाऱ्याला आपल्या राज्यात २०१० च्या कायद्यानं तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि नुकसानीच्या दुप्पट पैसे भरावे लागतात ते वेगळेच. आणि डॉक्टरांविषयी आपल्या मनात आदर असतो, तोही खोटा नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस ह्याच सोलापुरात जन्मले. पण आदर आहे म्हणून जाब विचारायचाच नाही, हे मला पटलं नाही. त्या रात्री मी आमच्या ओळखीच्या वकीलबाईंकडे जाऊन बसले. त्यांनी जे सांगितलं ते तुम्हालाही उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, असा जाब आपल्याकडे फार पूर्वीच विचारला गेला आहे. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुण मुलाच्या मांडीचं हाड मोडलं. त्याला पुण्याला नेलं. तिथे पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवलं, प्लास्टर घातलं, आणि त्याच रात्री मुलगा गेला. वडील गोडबोले स्वतः डॉक्टर! त्यांनी पुण्याच्या कोर्टात दावा लावला. चरबीची गुठळी अडकून मृत्यू झाला, असं समोरच्या डॉक्टरांचं म्हणणं होतं, ते कोर्टाला पटलं नाही. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९६८ साली निकाल वडिलांच्या बाजूनं कायम झाला. भरपाई किती? तीन हजार रुपये. पैशासाठी कुणी पंधरा वर्षं कोर्टात जात नाही, हे त्या आकड्यावरूनच कळतं. पण त्या निकालात डॉक्टरांची कर्तव्यं लिहिली गेली. रोगी हाती घ्यायचा की नाही हे नीट ठरवणं, कोणते उपचार करायचे हे नीट ठरवणं, आणि ते उपचार नीट करणं. ह्यातल्या कशातही हयगय झाली आणि त्यानं इजा झाली, तर भरपाई मागता येते.

दुसरा खटला वाचून मला झोप आली नाही. १९६३ सालच्या जुलैत औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सरकारी दवाखान्यात चंद्रिकाबाई नावाच्या बाई बाळंत झाल्या. तीन दिवसांनी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. मग ताप आणि असह्य वेदना. पुन्हा पोट उघडलं तर आत कापडाचा बोळा राहिलेला! बाई वाचल्या नाहीत. पतीनं दावा लावला, खालच्या कोर्टानं ३६ हजार रुपये मंजूर केले, हायकोर्टानं तो निकाल फिरवला, आणि सुप्रीम कोर्टानं ते ३६ हजार पुन्हा मंजूर केले तेव्हा १९९६ साल उजाडलं होतं. म्हणजे जन्मलेलं बाळ तेव्हा बत्तीस वर्षांचं! ‘अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ ह्या नावानं हा निकाल वकिलांना पाठ असतो. पोटात कापड राहिलं तर हयगय झाली हे सिद्ध करायला आणखी पुरावा कशाला, ती वस्तूच बोलते, आणि सरकारी दवाखाना असला तरी सरकारला जबाबदारी टळत नाही, असं त्यात ठरलं.

पण हेही तितकंच खरं की, रोगी बरा झाला नाही म्हणजे डॉक्टर चुकले असं नव्हे. दोन डॉक्टरांची दोन मतं असू शकतात. साधारण कुशल, काळजी घेणाऱ्या डॉक्टरनं त्या परिस्थितीत जे केलं असतं ते झालं की नाही, एवढंच तपासतात. वहिनींच्या बाबतीतही प्लास्टर घातलं हा दोष नव्हे. रात्रभर मूल ओरडत असताना कुणी येऊन ते पाहिलं नाही, हा खरा प्रश्न.

आता जायचं कुठे? पैसे देऊन उपचार घेतले असतील तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे. डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सुप्रीम कोर्टानं १९९५ सालीच सांगितलं आहे. जिथे सगळ्यांनाच उपचार फुकट असतात तिथला दावा मात्र दिवाणी कोर्टात. २०१९ च्या नव्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, म्हणजे उपचार पुण्यात झाले तरी तक्रार सोलापुरात चालेल. वकील लावलाच पाहिजे असं नाही, तरी अशा प्रकरणात लावावा असं माझं मत. दवाखान्याला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी काही नाही. आणि मुदत दोन वर्षांची! उशिराचं सबळ कारण दाखवता आलं तर आयोग माफी देऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नये. फौजदारीची वाट वेगळी आहे आणि अरुंदही. तिथे हयगय फार मोठी असावी लागते, असं २००५ सालच्या एका निकालात ठरलं आहे.

भरपाईत औषधपाण्याचा खर्च, पुढच्या उपचारांचा खर्च, बुडालेली कमाई आणि सोसलेला त्रास धरतात. बाई नोकरी करत नसेल तर तिची कमाई शून्य, असं मात्र समजू नका हं. जमशेदपूरच्या आगीच्या खटल्यात २००१ साली सुप्रीम कोर्टानं गृहिणीच्या घरकामाची किंमत महिना तीन हजार धरली होती. आकडा ऐकून हसू येतं खरं, पण निदान शून्य तरी नाही!

हे सगळं उभं राहतं ते कागदांवर. दुसऱ्या दिवशी मी वर जाऊन विचारलं, “वहिनी, कागद कुठे आहेत?” एक पिशवी निघाली माळ्यावरून, दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जाता जाता राहिलेली. डिस्चार्ज कार्ड होतं, औषधांची बिलं होती, एक एक्स-रे मात्र मुलांनी खेळायला घेतला तो गेलाच. मुख्य कागद, म्हणजे आतला केसपेपर, दवाखान्यात. तो मागायचा आपल्याला हक्क आहे. दाखल झालेल्या रोग्याचे कागद डॉक्टरांनी तीन वर्षं ठेवायचे आणि मागितल्यापासून ७२ तासांत प्रती द्यायच्या, असा वैद्यक परिषदेचा २००२ सालचा नियम आहे.

अर्ज मी लिहून दिला. चार ओळींचा, एकही वाकडा शब्द नाही. कशासाठी हवेत हेही लिहिलं नाही. सांगायची गरजच नसते. दोन प्रती काढल्या, एकीवर पोच घ्यायची. वहिनी म्हणाल्या, “तुम्ही चला बरोबर.” गेलो. खिडकीतल्या मुलीनं आधी “डॉक्टरांना विचारून सांगते” म्हणून बसवून ठेवलं. तासाभरानं शिक्का मारून पोच दिली, आणि तिसऱ्या दिवशी प्रती मिळाल्या. फुकट नाही, झेरॉक्सचे पैसे घेऊन.

संध्याकाळी आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर ते कागद पसरून बसलो. अक्षर लागेना. वहिनींना इंग्रजी वाचायची भीती, म्हणून मी एकेक ओळ मोठ्यानं वाचत गेले. ताप, औषध, सलाईन. मग रात्रपाळीच्या नर्सच्या नोंदी आल्या. पहाटे २.१० वाजता: बोटांना सूज, रंग निळसर, रोग्याची आई तक्रार करते, डॉक्टरांना फोनवर कळवले. पुढची नोंद थेट सकाळी ९ ची.

वहिनींनी माझ्या हातातून कागद घेतला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. “म्हणजे मी सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या. “दीड वर्ष घरातले मलाच बोलताहेत, की तू आई असून गप्प कशी बसलीस.”

मुदत संपायला सहा महिने आहेत. वकीलबाईंनी पुण्याच्या डॉक्टरांचं लेखी मत मागवलं आहे. ते देतील की नाही कोण जाणे, डॉक्टर डॉक्टरांविरुद्ध लिहायला सहसा तयार नसतात. पण हयगय उघड दिसत असेल तर प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, हेही कोर्टानं म्हटलेलं आहे. तक्रारीचा मसुदा तयार होतो आहे. वहिनींनी सगळ्या कागदांवर तारखा घालून फाईल केली आहे आणि ती माळ्यावर न ठेवता कपाटात, साड्यांच्या घडीखाली ठेवली आहे. पोरगा रोज संध्याकाळी माझ्याकडे येतो. डाव्या हातानं लिहायचा सराव चालू आहे. ‘क’ अजून उलटा काढतो.