उठा, त्यांना जामीन राहा!

छत्रपती संभाजीनगरच्या तरुणांनो, तुमच्या शेजारच्या बाकावर बसणारा येमेनी, सुदानी, अफगाणी विद्यार्थी तुम्ही रोज पाहता. त्याचे नाव तुम्हांला नीट उच्चारता येते का? त्याची आई कुठे आहे, कशी आहे, हे तुम्ही त्याला कधी विचारले आहे का? डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात आणि या शहरातल्या महाविद्यालयांत गेली कित्येक वर्षे परदेशी तरुण शिकायला येतात; त्यांत येमेनचे तरुण ठळकपणे दिसतात. अनेक जण आले तेव्हा त्यांना परतायला घर होते. सप्टेंबर २०१४ मध्ये सना शहर हूथी बंडखोरांच्या ताब्यात गेले, मार्च २०१५ मध्ये आकाशातून बॉम्ब कोसळू लागले, आणि शोधप्रबंधाची प्रकरणे लिहिता लिहिता या तरुणांची मायभूमी उद्ध्वस्त झाली. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडले. एप्रिल २०२३ मध्ये खार्तूम पेटले. पदवी हाती आली. परंतु ती घेऊन परतायचे कोणत्या गावी? कोणी पत्नीला बोलावून घेतले, कोणी लेकरांना. विद्यार्थ्याचे बिऱ्हाड झाले आणि बघता बघता ते बिऱ्हाड निराधार झाले.

या कुटुंबांच्या वाट्याला काय येते ते जवळ जाऊन पाहा. गल्लीत खोली रिकामी असते, दारावर 'भाड्याने देणे आहे' अशी पाटी लटकत असते. नवरा मोडक्या हिंदीत विचारतो, बायको तान्हे मूल खांद्यावर घेऊन दोन पावले मागे उभी असते. घरमालक आधी पासपोर्ट चाळतो, मग चेहरा निरखतो आणि म्हणतो, "खोली कालच गेली." पाटी मात्र तिथेच राहते. जिथे खोली मिळते तिथे डिपॉझिट दुप्पट, आणि वर अट अशी की ओळखीचा स्थानिक जामीनदार आणा. ज्याचे सगळे गणगोत समुद्रापलीकडे विखुरले, त्याला या शहरात जामीन कोण राहणार? शाळेच्या कार्यालयातही तीच गत. आठ-नऊ वर्षांची पोर आईचे बोट धरून खिडकीशी उभी असते. लिपिक विचारतो, "शाळा सोडल्याचा दाखला कुठे आहे?" अहो, शाळाच जमीनदोस्त झाली, मुख्याध्यापक परागंदा झाला, तर दाखल्यावर सही कोण करणार? पोर काही बोलत नाही. टेबलावरच्या जांभळ्या शाईच्या शिक्क्याकडे ती टक लावून पाहत राहते, कारण आपले नशीब त्या शिक्क्यात आहे एवढे तिला कळलेले असते.

कोणता अपराध केला या पोरीने? तिने तोफ डागली काय? तिने कोणाच्या सीमा ओलांडून आक्रमण केले काय? युद्ध पुकारणारे सुरक्षित प्रासादांत बसतात, शस्त्रे विकणारे नफ्याचे हिशेब करतात, आणि त्या सर्वांच्या पापाचे प्रायश्चित्त एका बालिकेने आमच्या शाळेच्या ओट्यावर उभे राहून घ्यायचे? हा अन्याय आहे. यावर चर्चासत्रे भरवण्याची गरज नाही.

आणि हा अन्याय कोणत्या नगरीत घडतो आहे? ज्या मलिक अंबरने इ.स. १६१० मध्ये येथे खडकी वसवली, तो इथिओपियाच्या भूमीतून उखडला गेलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मनुष्य होता. त्याला मायदेश उरला नव्हता. म्हणून त्याने आपल्या बुद्धीने आणि बाहुबलाने या दख्खनच्या खडकावर नगर उभारले, डोंगरातले पाणी भूमिगत नहरींनी गावात खेळवले. पाणचक्कीपाशी सहलीला जाता, छायाचित्रे काढता; ते स्थान बुखाऱ्याकडून आलेल्या बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याचे आहे, आणि त्या चक्कीवर फकिरांसाठी, अनाथांसाठी, वाटसरूंसाठी दळण दळले जाई. परदेशातून आलेल्या माणसाने वसवलेल्या शहराने परदेशातून आलेल्या माणसाला खोली नाकारावी?

मराठवाड्याच्या लेकरांनो, तुमच्या घरातल्या वृद्धांना विचारा. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या अत्याचारांमुळे निजामाच्या राज्यातली गावेच्या गावे ओस पडली. बैलगाडीत भांडीकुंडी टाकून माणसे बार्शीकडे, सोलापूरकडे, नगरकडे, बुलढाण्याकडे धावली. तिथल्या लोकांनी त्यांना ओसरी दिली, भाकरी दिली. सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई झाली, निजाम शरण आला. परंतु त्यानंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत निरपराध मुस्लिम कुटुंबांवर सूड उगवला गेला, आणि पंडित सुंदरलाल समितीने त्याची नोंद करून ठेवली. तेही आपलेच शेजारी होते, त्यांचीही चूल विझली. मुक्तिसंग्रामाचा ध्वज आपण दरवर्षी १७ सप्टेंबरला अभिमानाने फडकवतो, आणि फडकवलाच पाहिजे. परंतु घर सुटण्याचे दुःख ज्या भूमीने दोन्ही अंगांनी भोगले, त्या भूमीच्या तरुणाला येमेनच्या मातेचे दुःख परके कसे वाटू शकते?

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची कथा तर सुवर्णाक्षरांनी लिहावी अशी आहे. १९४० पासून सोव्हिएत सत्तेने हजारो पोलिश कुटुंबांना सैबेरियाकडे हाकलले. त्यांतले वाचलेले इराणमार्गे भारतात आले, आणि १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतांश स्त्रिया आणि मुले, वळिवड्याच्या छावणीत राहिले. त्यांनी तिथे भिक्षापात्र पुढे केले नाही. त्यांनी शाळा चालवल्या, चर्च उभारले, नाटके बसवली, आपली भाषा आणि आपला ताठ कणा जपला. ते गेले आणि त्याच जागेवर फाळणीने देशोधडीला लागलेली सिंधी कुटुंबे आली. आज गांधीनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या जागी कापडाची मोठी बाजारपेठ भरते, सारा दक्षिण महाराष्ट्र तिथून माल उचलतो. एकाच माळावर दोन उद्ध्वस्त समाज लागोपाठ सावरले, कारण त्यांना पाय टेकायला जागा मिळाली. आणि काळाचा न्याय पाहा! फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाले, वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेली आपली मराठी मुलेमुली तळघरांत अडकली, तेव्हा त्यांतली कित्येक ज्या देशांच्या सीमा ओलांडून मायदेशी परतली त्यांत पोलंड होता. ज्यांच्या आज्या वळिवड्यात राहिल्या, त्यांच्या देशातून आपली लेकरे सुखरूप घरी आली.

तेव्हा तरुणांनो, दयेची भाषा सोडा. जुने कपडे गोळा करून, फोटो काढून, दान केल्याचे समाधान मिरवू नका. या कुटुंबांत प्राध्यापक आहेत, अभियंते आहेत, परिचारिका आहेत, संशोधक आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये तालिबानने विद्यापीठांची दारे स्त्रियांना बंद केली. त्या बंद दारापलीकडची एखादी विद्यार्थिनी आज तुमच्या ग्रंथालयात बसली असेल, तर तिला दया कशाला हवी? तिला टेबल हवे, दिवा हवा, पुस्तक हवे, आणि तिच्याकडे मान वर करून पाहणारा सहाध्यायी हवा. १९५० मध्ये ज्या शहरात बाबासाहेबांनी महाविद्यालय उभे करून ज्ञानाचे दार तुडवलेल्यांसाठी उघडले, त्या शहराला स्वाभिमान म्हणजे काय हे शिकवावे लागू नये.

कोणी म्हणेल, कायदा आडवा येतो. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही, हे खरे. परंतु आपल्या राज्यघटनेचा २१ वा अनुच्छेद जीविताचे आणि स्वातंत्र्याचे संरक्षण परकीयालाही देतो. १९९६ मध्ये अरुणाचल प्रदेशातील चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठणकावून सांगितले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून सहा ते चौदा वर्षांच्या बालकाला शाळेचे दार बंद करता येत नाही, आणि ज्याचे शिक्षण खंडित झाले त्याला वयानुरूप वर्गात बसवायचे असते. घरमालकाला भीती वाटते ती पोलिसांची. वास्तविक परदेशी भाडेकरू ठेवला की चोवीस तासांत विहित फॉर्म भरून कळवायचे असते. आणि तो ऑनलाइन भरता येतो. कायदा जिथे आधार देतो तिथे आपले अज्ञानच आडवे येते.

तर मग कामाला लागा. राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या आणि माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनो, तो फॉर्म घरमालकाशेजारी बसून भरून द्या, भाडेकराराचा मसुदा करून द्या, व्हिसाच्या मुदती सांभाळा, कारण एक तारीख चुकली की सारे कुटुंब धोक्यात येते. शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांनो, त्या मुलांना मराठी शिकवा. बाराखडी आधी नको, आधी "मला समजलं नाही" आणि "मला पाणी हवं" शिकवा. वैद्यकीय विद्यार्थ्यांनो, घाटी रुग्णालयात एखादी गरोदर स्त्री केसपेपरच्या रांगेत भाषेवाचून गोंधळली असेल, तर तिच्यासोबत ओपीडीपर्यंत चालत जा. अरबी जाणणाऱ्या मुस्लिम तरुणांनो, तुम्ही दुभाषे व्हा. नोकरीला लागलेल्यांनो, मायदेशातून येणारा पैसा अडकला की यांचे भाडे थकते. त्या एका महिन्यासाठी मिळून निधी उभारा, आणि तो उसना म्हणून द्या, म्हणजे घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही.

एकट्याने हे होणार नाही. एकटा विद्यार्थी घरमालकाच्या दारात गेला तर त्याला हाकलतील. वीस जण गेले तर पाणी विचारतील. प्रत्येक महाविद्यालयात समिती हवी, प्रत्येक समितीत मुली हव्यात, सर्व जातिधर्मांचे तरुण हवेत, आणि त्या परदेशी कुटुंबांपैकी किमान एक जण निर्णय घेणाऱ्यांत हवा, नुसता लाभार्थी म्हणून नव्हे. वाट कोणाची पाहायची? पुढाऱ्यांची? आदेशाची? येत्या सोमवारी राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यालयात जा, एक कोरा कागद मागा, 'मी जामीन राहीन' असे त्यावर लिहा, आणि खाली आपले नाव, पत्ता आणि सही करा.