बंदी आहे, हिशेब नाही

मार्च २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एक अधिसूचना काढली. अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या कोणत्याही प्राण्याकरिता क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातील औषधे आयात करणे, बनवणे, विकणे किंवा वितरित करणे तिने बेकायदा ठरवले. निर्णय योग्यच होता. क्लोरॅम्फेनिकॉलमुळे क्वचित का होईना, पण अस्थिमज्जेतील रक्तनिर्मितीच थांबवणारा प्राणघातक विकार जडू शकतो, हे वैद्यकाला कित्येक दशकांपासून ठाऊक आहे. मात्र किनारपट्टीवरील कोळंबीच्या तळ्यांपुरती ही दोन्ही नावे काही नवी नव्हेत. २००५ च्या किनारी जलकृषी प्राधिकरण कायद्याच्या अंमलबजावणीत वीस प्रतिजैविके व तत्सम द्रव्यांची जी निषिद्ध यादी वापरली जाते, तीत ती आधीपासूनच आहेत. जे औषध तळ्यात टाकायचेच नाही असे वीस वर्षांपूर्वी ठरले, त्यावर २०२५ मध्ये पुन्हा बंदी घालावी लागते, तेव्हा पहिल्या बंदीचे नेमके काय झाले असे विचारणे आगाऊपणाचे ठरू नये.

या प्रश्नाला सरकारी उत्तर नाही. बंदी पाळली गेली की मोडली गेली हे सांगायचे तर वापराचा आकडा लागतो, आणि भारतातल्या मत्स्यतळ्यांत दरवर्षी कोणते प्रतिजैविक किती किलो ओतले जाते याचा राष्ट्रीय अहवाल प्रसिद्ध होत नाही. बंदीच्या याद्या आहेत, प्राधिकरणे आहेत, प्रयोगशाळा आहेत. नाही तो फक्त हिशेब.

व्यवहाराचा आवाका पाहिला म्हणजे ही उणीव किती मोठी आहे ते कळते. २०२३-२४ मध्ये भारताने १७.८१ लाख टन सागरी माल परदेशी पाठवला आणि त्याचे ६०,५२३ कोटी रुपये आले. त्यात गोठवलेली कोळंबी ७.१६ लाख टन होती, आणि त्यातली २.९७ लाख टन एकट्या अमेरिकेने घेतली. यातली बहुतांश कोळंबी समुद्रातून जाळ्यात आलेली नाही. ती तळ्यांत वाढवलेली व्हन्नामेई जातीची आहे. ही पॅसिफिक महासागराच्या अमेरिकी किनाऱ्यावरची जात भारतात व्यापारी संवर्धनासाठी २००९ मध्ये अधिकृतपणे आली आणि दहा वर्षांच्या आत तिने देशी वाघ्या कोळंबीला जवळजवळ बाजारातून उठवले. उत्पादनात आंध्र प्रदेश इतरांच्या फार पुढे आहे.

या मालावर देखरेख नाही असे कोणी म्हणत नाही. उलट, एका विशिष्ट प्रकारची देखरेख कमालीची कडक आहे. युरोपीय संघाला जाणारी कोळंबी तळ्यातून काढण्यापूर्वीच तिचा नमुना सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरणाच्या प्रयोगशाळेत तपासला जातो. पुढे युरोपच्या बंदरावर पुन्हा तपासणी होते. २०१६ मध्ये युरोपीय संघाने भारतीय संवर्धित मालाच्या तपासणीचे प्रमाण १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेले. क्लोरॅम्फेनिकॉलसाठी तिथली कारवाईची मर्यादा आता एक किलो मांसात ०.१५ मायक्रोग्रॅम आहे. दोषी मालाच्या सूचना युरोपच्या सार्वजनिक संकेतस्थळावर पडतात. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन तर नाकारलेल्या मालाची यादी निर्यातदाराच्या नावासकट प्रसिद्ध करते. म्हणजे आपल्या देशातल्या तळ्यांत काय चालले आहे, हे भारतीय नागरिकाला जाणून घ्यायचे असेल तर त्याने ब्रुसेल्स आणि वॉशिंग्टनच्या दारात उभे राहावे. घरची बातमी शेजाऱ्याकडून कळावी, तसा हा प्रकार.

पण यापेक्षा मूलभूत चूक वेगळीच आहे. ही सारी यंत्रणा अवशेष शोधते, वापर मोजत नाही, आणि या दोन गोष्टी एक नव्हेत. कोळंबीला औषध खाद्यातून दिले जाते. त्यातला काही भाग तिच्या अंगी लागतो, काही न खाल्लेल्या खाद्याबरोबर तळाशी बसतो, काही विष्ठेतून बाहेर पडतो. काढणीपूर्वी पुरेसे दिवस औषध थांबवले की मांसातला अवशेष मर्यादेखाली येतो आणि नमुना उत्तीर्ण होतो. तळातल्या चिखलाची मात्र कोणी परीक्षा घेत नाही. तिथल्या जीवाणूंपैकी जे औषधाला पुरून उरले, तेच वाढतात. प्रतिरोधाची जनुके ते प्लाझ्मिडवरून एकमेकांना देतात, अगदी भिन्न जातीच्या जीवाणूंनाही. तळे रिकामे करताना ते पाणी खाडीत जाते. क्विनोलोन औषधांना निष्प्रभ करणारे क्यूएनआर-ए हे जनुक आज रुग्णालयांतल्या जीवाणूंत सापडते. त्याचा मूळ धनी शेवानेला अल्गे हा पाण्यात राहणारा जीवाणू असल्याचे संशोधकांनी २००५ मध्येच दाखवले आहे. अवशेष धुऊन जातो. जनुक जात नाही.

तेव्हा 'आमचा माल तपासणीत उत्तीर्ण झाला' हे वाक्य खाणाऱ्याच्या ताटापुरते खरे असू शकते. सार्वजनिक आरोग्याविषयी ते काहीच सांगत नाही. २०१९ या एका वर्षात भारतात प्रतिरोधी जीवाणूंमुळे थेट झालेले मृत्यू सुमारे २ लाख ९७ हजार असल्याचा जागतिक अभ्यासाचा अंदाज आहे. यातला मोठा वाटा माणसांवरच होणाऱ्या औषधांच्या बेसुमार वापराचा, हे मान्य करायला हवे. कोळंबीच्या तळ्यावर सारे खापर फोडणे खोटेपणाचे होईल. परंतु तळ्याचा वाटा किती, हे सांगायला लागणारी सामग्रीच गोळा होत नसेल, तर 'आमचा वाटा नगण्य' असे उद्योगानेही कोणत्या तोंडाने म्हणावे?

इथे चिलीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. सॅल्मन हा भारतीय पाण्यातला मासा नव्हे (आपल्याकडच्या उपाहारगृहांत रावसाला इंग्रजीत ते नाव चिकटवतात, एवढाच काय तो संबंध), पण त्याच्या शेतीने प्रतिजैविकांच्या बाबतीत जगाला दोन परस्परविरुद्ध धडे दिले आहेत. चिली हा त्यातला बदनाम देश. पिसिरिकेट्सिया या जीवाणूने होणाऱ्या रोगासाठी तिथे २०१४ मध्ये सुमारे ५६३ टन प्रतिजैविके पिंजऱ्यांतल्या माशांना दिली गेली. अलीकडच्या वर्षांत तो आकडा साडेतीनशे टनांच्या आसपास आहे. हे आकडे लज्जास्पद आहेत. पण ते चिलीच्या मत्स्यखात्याने स्वतः, औषधवार, रोगवार आणि प्रदेशवार प्रसिद्ध केलेले आहेत. कोणत्या कंपनीने किती औषध वापरले, हे सांगायला मात्र तिथेही टाळाटाळ झाली. ओशियाना या संस्थेने ती माहिती मागितली तेव्हा कंपन्यांनी व्यापारी गुपिताचे कारण पुढे केले. प्रकरण न्यायालयात गेले आणि न्यायालयाने माहिती देण्याच्या बाजूने कौल दिला.

नॉर्वेची वाट वेगळी. १९८७ मध्ये त्या देशाने सॅल्मनसाठी सुमारे ४८ टन प्रतिजैविके वापरली, आणि तेव्हाचे त्यांचे उत्पादन आजच्या पासंगालाही पुरणारे नव्हते. पुढे प्रभावी लसी आल्या, पिल्लागणिक टोचल्या जाऊ लागल्या, पिंजऱ्यांच्या जागा बदलल्या. आज दहा लाख टनांहून अधिक सॅल्मन काढणाऱ्या नॉर्वेचा वार्षिक वापर साधारणपणे एका टनाच्या आत असतो. माशांसाठी लिहिलेल्या औषधाच्या चिठ्ठ्यांची नोंद तिथे सरकारकडे होते. म्हणूनच घट झाली हे नुसते सांगावे लागत नाही, दाखवता येते.

भारताला नॉर्वेची नक्कल करता येणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कोळंबीच्या शरीरात माशांसारखी रोग लक्षात ठेवणारी प्रतिकारव्यवस्था नाही, त्यामुळे त्या अर्थाने लस हा मार्ग तिच्यासाठी बंद आहे. उरतात ते रोगमुक्त बीज, विरळ साठवण, स्वच्छ पाणी आणि दोन पिकांमधली विश्रांती. हे सारे खर्चिक आहे आणि भारतातले बहुसंख्य कोळंबी उत्पादक दोन हेक्टरांच्या आतले आहेत. बीज, खाद्य आणि औषध अनेकदा एकाच दुकानदाराकडून उधारीवर येते. सल्लाही तोच देतो. तळ्यात मर सुरू झाली की पशुवैद्याची वा मत्स्यतज्ज्ञाची वाट पाहायला सवड नसते. दुकानदार पुडी देतो, शेतकरी ती खाद्यात मिसळतो. वास्तविक भारतीय कोळंबीची दोन मोठी दुखणी, पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आणि वाढ खुंटवणारा ईएचपी, यांतले पहिले विषाणूमुळे होते आणि दुसरे सूक्ष्म बुरशीवर्गीय परजीवीमुळे. जीवाणूंवरचे औषध दोन्हींवर शून्य उपयोगाचे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, आणि बंबाचे बिल मात्र कर्ज काढून भरायचे शेतकऱ्याने. या माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून काहीही साधणार नाही.

हिशेब नको म्हणणाऱ्यांची नेहमीची सबब अशी की लाखभर तळ्यांवर कारकून कसा बसवायचा. तसा बसवायची गरजच नाही. औषध तळ्यात उगवत नाही. ते कारखान्यात बनते किंवा बंदरात उतरते, घाऊक विक्रेत्याकडे जाते, खाद्यात किंवा पुडीत मिसळले जाते. या चिंचोळ्या तोंडाशी मोजमाप करता येते. विक्रीची नोंद ठेवणे औषध कायद्याला परके नाही. माणसांच्या औषधांसाठी २०१४ पासून एच-१ यादीतल्या प्रतिजैविकांची वेगळी नोंदवही दुकानदाराला ठेवावीच लागते. उत्पादकांनी प्राण्यांसाठी विकलेल्या प्रत्येक प्रतिजैविकाचे वार्षिक वजन, प्राणीवर्गानुसार, सरकारला कळवावे आणि सरकारने ते छापावे, एवढीच ही मागणी.

दुसरी सबब व्यापारी गुपिताची. माहिती अधिकार कायदाही २००५ चाच, किनारी जलकृषी कायद्याचा जुळा भाऊ म्हणावा असा. त्याच्या कलम ८ मध्ये व्यापारी गुपिताला संरक्षण आहे, पण व्यापक लोकहिताची गरज असेल तर ते बाजूला सारता येते, असे त्याच पोटकलमात लिहिलेले आहे. कलम ४ तर कोणी न मागताही माहिती प्रसिद्ध करावी असे सांगते. चिलीतील न्यायालयाला जे पटले ते भारतीय कायद्यात आधीच लिहिलेले आहे. त्यावर फक्त बोट ठेवायचे आहे.

तिसरी सबब सर्वांत जुनी: आकडे जाहीर केले तर परदेशी ग्राहक बिचकेल. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण ही मूठ खरोखर झाकलेली आहे का? मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतील शोधपत्रकारांनी आणि संस्थांनी आंध्रातील कोळंबी व्यवसायावर गंभीर आरोप केले. भारत सरकारने ते फेटाळले. फेटाळण्यासाठी हाताशी निर्यात तपासणीच्या नियमांचे पाठ होते, वापराचे आकडे नव्हते. ज्याच्याकडे वही असते तो वही उघडून दाखवतो. ज्याच्याकडे ती नसते त्याला नियम वाचून दाखवावे लागतात.

काहीच झालेले नाही असेही नाही. २०१९ मध्ये अन्नप्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी आली. मासे आणि पशूंमधील प्रतिरोधावर पाळत ठेवणाऱ्या भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या जाळ्याने २०१९ ते २०२२ या काळाचा अहवाल २०२४ मध्ये काढला. ते काम मोलाचे आहे. पण त्यात प्रतिरोध मोजला जातो, औषध नाही. ताप मोजायचा आणि रोगी काय खातो ते विचारायचे नाही, अशी ही अवस्था. शिवाय किनारी जलकृषी कायदा भरतीरेषेपासून दोन किलोमीटरांपर्यंतच्या निमखाऱ्या शेतीपुरता. हरियाणा आणि पंजाबच्या खारपड जमिनींत वाढणारी व्हन्नामेई त्याच्या कक्षेबाहेर, आणि कोलकात्यापासून ईशान्येपर्यंत ट्रक भरभरून जाणारे आंध्रच्या गोड्या तळ्यांतले रोहू-कटलाही बाहेरच.

ही मासळी देशातच खाल्ली जाते. तिच्यावर नजर ठेवण्याचे काम अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे आणि राज्यांच्या अन्न प्रशासनांचे. १ एप्रिल २०२५ पासून त्यांच्या नियमांतही निषिद्ध प्रतिजैविकांची यादी लांबली. पण देशी मासळीबाजारावरची सरकारी जाग कशी येते हे २०१८ ने दाखवले आहे: फॉर्मेलिनचा गवगवा झाला, गोव्याने काही दिवस परराज्यातील मासळीला बंदी केली, केरळने नाक्यांवर ट्रक अडवले, आणि ओरड शमल्यावर बाजार पूर्ववत झाला.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा कोळंबी देशातच अधिक खपवावी अशी हाक आंध्रातून आली. हाक रास्त आहे. कोळंबी चांगले अन्न आहे आणि तिच्यावर लाखो घरे चालतात. पण काढणीपूर्व तपासणीचे जे प्रमाणपत्र युरोपच्या वाटेवर सक्तीचे आहे, ते त्याच तळ्यातली कोळंबी मुंबईच्या किंवा हैदराबादच्या बाजारात येताना कोणी मागत नाही. आणि त्या तपासणीत नापास झालेल्या तळ्यांतली कोळंबी पुढे कुठे विकली गेली, याची यादी कोणत्याही भारतीय संकेतस्थळावर वाचायला मिळत नाही.