हडपसरचा अरबी समुद्र

हडपसरला समुद्र नाही ही निसर्गाची चूक, आणि ती दुरुस्त करण्याचं कंत्राट सध्या आमच्याकडच्या टॉवरवासीयांनी घेतलं आहे. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर, किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत, जिथे टँकर आला की सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडल्याच्या चिन्हांची रांग लागते अशा वस्तीत, अकराव्या मजल्यावर, दोन फुटी काचपेटीत प्रवाळबेट वसवायचं. बाथरूमला पाणी नसलं तरी चालेल, हॉलमध्ये हिंदी महासागर पाहिजे.

माझा आक्षेप हौसेला नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात. इथे ते असतं आणि हप्त्यांनी फेडता येतं. आक्षेप आहे तो घाईला, आणि त्या घाईला ‘निसर्गप्रेम’ म्हणवून घेण्याला.

सुरुवात नेहमी एकाच शहाणपणाने होते : ‘आधी छोटा घेतो. शिकायला.’ वा! खाऱ्या पाण्याच्या टाकीत छोटं म्हणजे अवघड. तीनशे लिटर पाणी तुमचा मूर्खपणा पोटात घालतं. पन्नास लिटरमध्ये एक गोगलगाय दगडामागे गुपचूप मेली तरी सगळ्या बेटावर सुतक. पण या धंद्यात जे सर्वांत कठीण तेच ‘नवशिक्यांसाठी खास’ म्हणून विकलं जातं, आणि नवशिका ते घेऊन, दिवे निळे करून, तिसऱ्या आठवड्यात स्वतःला ‘रीफकीपर’ म्हणवू लागतो.

तिसरा आठवडा मी उदारपणे म्हटलं. टाकीत पाणी, दगड आणि वाळू घातल्यावर साधारण चार ते सहा आठवडे करायचं असतं ते काहीच नाही. फार तर कोळंबीचा एक तुकडा आत कुजत टाकायचा. त्यातून अमोनिया बनतो, एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट. पहिली दोन माशांना विष, तिसरं त्या मानाने सुसह्य. ही जीवाणूंची वसाहत दगडांवर नांदायला लागली की मग मासा. याला ‘टँक सायकल होणं’ म्हणतात. आमच्या गृहस्थांना सायकल म्हटलं की जिमच आठवते.

बिल्डरने ताबा द्यायला पाच वर्षं लावली, तेव्हा हाच मनुष्य भाडं आणि हप्ता दोन्ही भरत संतपदाला पोहोचला होता. जीवाणूंना मात्र सहा आठवडे द्यायला तयार नाही. बिचाऱ्यांनी रेरात नोंदणी करून घ्यायला हवी होती. दुकानदार सांगतो, ‘ही बाटली ओता सर, परवा मासे सोडा.’ बाटलीत जीवाणू असतात, नाही असं नाही. पण बाटली ओतली म्हणजे पाणी तपासायची गरज संपली हे शास्त्र दुकानाच्या गल्ल्यावर जन्मलं आहे. शनिवारी टाकी, सोमवारी मासे, बुधवारी मला फोन : ‘अहो, मासे फार शांत झालेत. रुळले असतील ना?’ रुळले की. कायमचे.

आता पाण्याचा विषय. समुद्राचं पाणी म्हणजे पाणी अधिक मीठ, ही समजूत इंजिनिअरिंगच्या पदवीसकट टिकून राहते. एका विद्वानाने स्वयंपाकघरातलं आयोडीनयुक्त मीठ वापरून खर्च वाचवला होता. प्रवाळ आपला सांगाडा बांधतं ते कॅल्शियम आणि कार्बोनेटवर. समुद्राच्या लिटरभर पाण्यात चारशेच्या वर मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेराशेच्या आसपास मॅग्नेशियम. यांच्या टाकीत होतं ते लोणच्याला पुरेल एवढं सोडियम क्लोराइड.

दुसरा पंथ शुद्धतावाद्यांचा. हे दिवेआगरच्या सहलीहून परतताना डिकीत कॅन भरून ‘नॅचरल’ पाणी आणतात. कोकणकिनाऱ्याचं पाणी गाळाने गढूळ, पावसाळ्यात नद्यांनी पातळ झालेलं, वर गावाने त्यात काय सोडलंय ते ग्रामदैवताला ठाऊक. स्वतः हॉटेलात गेले की बाटलीचं सील तपासून पिणार. माशांना मात्र ‘नैसर्गिक’ हवं.

तिसरा पंथ किचनमधल्या आरओचा. ‘आमचा टीडीएस फक्त ऐंशी!’ तो तुमच्या जिभेसाठी. घरगुती यंत्र चवीसाठी पाण्यात मुद्दाम क्षार राखतं. प्रवाळाला मीठ कालवण्याआधीचं पाणी शून्य टीडीएसचं लागतं. उरलेल्या ऐंशीत नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट यांतलं काय काय आहे हे कळायला प्रयोगशाळा नको. महिन्याभरात दगडांवर हिरवी दाढी उगवते, तीच अहवाल.

आणि बाष्पीभवन! पाणी उडतं, मीठ उडत नाही. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या मिठागरं चालवली त्याला हे सांगावं लागावं? एप्रिलात पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर ठेवायला टाकीवर पंखा लावतात, पातळी भराभर उतरते. उतरलेली पातळी गोड्या पाण्याने भरायची असते. आमचे गृहस्थ खारं ओततात, कारण ‘समुद्राची टाकी आहे ना!’ घनता १.०२५ वरून १.०३० कडे निघते आणि मालक विचारतो, प्रवाळ मिटून का घेतंय? रिफ्रॅक्टोमीटर विकत घेतला नाही का? घेतला की. तो निळ्या दिव्याखाली शोभेला ठेवलाय. मोजमाप बोट बुडवून, चाखून.

मग उजाडतो गुरुवार. पुण्यातल्या गुरुवारचं माहात्म्य मी पुणेकर वाचकाला काय सांगू? महापालिकेचं पाणी बंद, महावितरणची दुरुस्ती, दोन्ही पुण्यकर्मं एकाच वारी. सोसायटीचा जनरेटर लिफ्टला आणि जिन्याच्या दिव्याला जगवतो. कोमट खाऱ्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळतो. लाटा करणारा पंप थांबला की छोट्या टाकीचा श्वास कोंडू लागतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप काही शे रुपयांत मिळतो. या घरात यूपीएस आहे. वायफायला आहे. माशांना राम राम.

वास्तुशास्त्रालाही आपला वाटा लागतोच. ‘ईशान्येला जलतत्त्व ठेवा’, म्हणून टाकी थेट खिडकीत, सकाळच्या कोवळ्या उन्हात. कोवळं ऊन शेवाळाला फार मानवतं. घरात समृद्धी येते, हे खरं आहे; हिरव्या रंगाची येते. त्यातच जवळच्या कालव्याच्या कृपेने डासांची ददात नाही, तेव्हा टाकीशेजारच्या प्लगला डासांचं लिक्विड रात्रभर सुरू. त्यातलं पायरेथ्रॉइड मासे आणि कोळंबी या दोघांना घातक. वास्तुपुरुषाने यावर मौन पाळलं आहे.

माशांची निवड मुलं करतात आणि मुलांची निवड सिनेमा करतो. २००३ चा ‘फाइंडिंग नेमो’. समुद्रातून उचललेलं पिल्लू सिडनीतल्या एका डेंटिस्टच्या काचपेटीत कोंडलं जातं, बाप त्याच्यासाठी अख्खा समुद्र पालथा घालतो. काचपेटी ही त्या गोष्टीतली तुरुंगकोठडी आहे. एवढं सगळं पाहून, डोळे पुसून, हे कुटुंब बाहेर पडतं ते थेट काचपेटी घ्यायला! वर ‘डोरी पण द्या.’ डोरी म्हणजे ब्लू टँग, फूटभर वाढणारा, दिवसभर फिरणारा मासा. दोन फुटांत तो वळणार तरी कसा? त्याला पांढरे ठिपके आले की दुकानदार तांब्याचं औषध देतो. ठिपके जातात, सोबत कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळही जातात. औषध गुणकारीच म्हणायचं.

दगड ‘निर्जंतुक’ करायला पातेल्यात उकळणारे धन्वंतरी मात्र थट्टेचा विषय नाहीत. या दगडांना चिकटून वाढणाऱ्या ज्या प्रवाळसदृश जीवांना हौशी मंडळी लाडाने ‘झोआ’ म्हणतात, त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं, जगातल्या जहाल विषांपैकी एक. असा दगड उकळला की वाफेबरोबर ते घरभर. परदेशात अख्खी कुटुंबं यापायी इस्पितळात गेली आहेत.

पण सगळ्यात मोठा विनोद कायद्याचा. सांगाडा बांधणारी सगळी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. समुद्रघोडेही तिथेच. २०२२ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात, शिवाय किमान पंचवीस हजार दंड. २०२० साली मुंबईच्या कोस्टल रोडच्या वाटेत वरळी आणि हाजी अलीजवळ प्रवाळाच्या १८ वसाहती आल्या. हजारो कोटींचा रस्ता करणाऱ्या महापालिकेला त्या हलवण्यासाठी या कायद्याखाली परवानगी घ्यावी लागली, आणि काम गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडे द्यावं लागलं. आमच्याकडे तेच प्रवाळ थर्माकोलच्या खोक्यात, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने, ड्रायव्हरच्या पायाशी बसून येतं. परदेशातलं म्हणावं, तर दगडी प्रवाळ वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या सायटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. निर्यातीचा परवाना लागतो. कागद विचारा, दुकानदार म्हणतो, ‘फार्मचं आहे सर, बिनधास्त!’ कुठल्या फार्मचं, शेजारच्या मांजरी गावच्या? भाजीवाल्याकडे कोथिंबिरीच्या जुडीवरून पाच मिनिटं वाद घालणारा आमचा ग्राहक इथे मान डोलावतो. सोसायटीत कुणी वाघाचा बछडा आणला असता तर तासाभरात सर्वसाधारण सभा भरली असती. इथे सभेचे अध्यक्षच सेल्फी काढून गेले.

अशाच एका शेजाऱ्यांना मी परवा सगळं उलगडून सांगितलं. दगड कोरडे, मृत, सिमेंटचेही चालतील. शून्य टीडीएसचं पाणी, समुद्री क्षारांचं तयार मिश्रण, आणि सहा आठवडे रिकामी टाकी बघत बसायचं. मग क्लाउनफिशची एकच जोडी, तीही पैदास केंद्रातली. आपल्याच केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेने त्यांची पैदास साधली आहे, समुद्रातून उपसायची गरज नाही. फिलिपाइन्स-इंडोनेशियाच्या खडकांत सायनाइड फवारून पकडलेल्या माशांवर पैसे घालू नका. त्यांनी सगळं लक्षपूर्वक ऐकलं. मोबाइलमध्ये टिपूनही घेतलं.

‘पटलं,’ ते म्हणाले. ‘पण रविवारी वास्तुशांत आहे हो. तेवढ्यापुरतं एखादं शार्कचं पिल्लू भाड्याने मिळेल का?’