श्वासाचे यंत्र घरी, व्यायाम मात्र वाऱ्यावर

जळगाव/धुळे - प्राणवायूच्या तुटवड्याने देश हवालदिल झाला असताना एप्रिल २०२१ मध्ये पीएम केअर्स निधीतून एक लाख ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर खरेदी करण्याचा निर्णय झाला. व्रण पडून ताठर झालेल्या फुफ्फुसांना केवळ यंत्र पुरेसे आहे काय, हा प्रश्न त्या धामधुमीत मागे पडला. तो आजही मागेच आहे.

हे दुखणे केवळ कोरोनाची देणगी नाही. क्षय बरा झाल्यावरही फुफ्फुसांवर व्रण राहतात. खानदेशाने अधिक दखल घ्यावी असे कारण तर घराच्या खिडकीतच आहे. देशातील १९ शहरांत २०१२ ते २०१५ दरम्यान अशा विकारांच्या १,०८४ रुग्णांची नोंद घेण्यात आली. त्यांपैकी ४७.३ टक्क्यांना श्वासातून जाणाऱ्या कणांच्या अतिसंवेदनशीलतेमुळे विकार जडला होता आणि त्यातील जवळपास निम्मे एअर कूलरच्या संपर्कात होते. ओल्या गवती जाळीवर बुरशी धरते. पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या जळगाव-भुसावळात कूलर ही चैन नव्हे. पण दर मोसमात जाळी बदलणारी घरे किती?

कॉन्सन्ट्रेटर प्राणवायू पुरवितो, व्रण बुजवीत नाही. विश्रांतीतही प्राणवायूची पातळी ८८ टक्के किंवा त्याखाली असलेल्यांना तो दिवसाकाठी किमान १५ तास लागतो, म्हणजे तितके तास वीजही. तीन चेंडूंचे स्पायरोमीटर ओढले की फिजिओथेरपी झाली, हाही गैरसमजच. खरे उपचार पायांपासून सुरू होतात: सहा मिनिटे चालण्याची चाचणी, स्नायूंना बळ देणारे व्यायाम, दम लागल्यास कसे बसावे याचे शिक्षण. आठवड्यातून दोनदा, निदान सहा ते आठ आठवडे. फुफ्फुस पूर्ववत होत नाही, मात्र चालण्याची क्षमता वाढते आणि धाप कमी होते.

अडचण अंतराची आहे. शिरपूरहून धुळे किंवा चोपड्याहून जळगाव सुमारे ५० किलोमीटर. आठ आठवड्यांत १६ खेपा आणि सोबत्याचीही बुडालेली मजुरी! क्षयरुग्णाला निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये मिळतात, पण उपचार चालू असेपर्यंतच. धाप त्यानंतरही राहते. धुळे आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी तालुक्याच्या रुग्णालयांत आठवड्यातून दोन दिवस फिजिओथेरपिस्ट पाठविले, तरी या खेपा वाचतील. त्यासाठी ३० मीटरचा मोकळा व्हरांडा, दोन खुर्च्या आणि एक ऑक्सिमीटर एवढीच सुरुवातीची सामग्री लागते.