हजेरी क्रमांक आणि डिस्कचं नाव

परवा माझ्याच हातून माझी एक डिस्क पुसली गेली. दोष कुणाचा? माझाच. पण त्यातून जे कळलं ते सांगावंसं वाटतं.

लिनक्स मी साठी उलटल्यावर शिकलो, वहीत टिपणं काढून. वहीत लिहिलं होतं, 'पेनड्राइव्ह म्हणजे एसडीबी'. पेनड्राइव्हवर नवीन लिनक्स उतरवायचं होतं, म्हणून त्याच नावाने 'डीडी' ही आज्ञा दिली. ही आज्ञा 'नक्की ना?' असं विचारत नाही. त्या दिवशी बाहेरची हार्ड डिस्क आधीच जोडलेली होती, हे मी विसरलो. एसडीबी झाली होती ती, आणि पेनड्राइव्ह एसडीसी! डिस्कवर शाळेच्या स्नेहसंमेलनांचे फोटो होते. मूळ प्रती मुलांना कधीच परत दिलेल्या.

तुम्ही म्हणाल, नाव असं बदलतं कसं? पूर्वी इतकं बदलत नसे. जुन्या आयडीई डिस्कची नावं जागेवरून ठरत. पहिल्या केबलवर एचडीए आणि एचडीबी, दुसरीवर एचडीसी आणि एचडीडी. २००७ साली फेडोरा ७ मध्ये त्याही 'एसडी' कुळात आल्या. एसडी म्हणजे मुळात स्कझी डिस्क. पुढचं अक्षर मात्र यंत्राला जी डिस्क आधी सापडेल तिला आधी मिळतं. त्यापुढचा आकडा विभागाचा : एसडीए१, एसडीए२.

हा तर आमचा हजेरी क्रमांक! दर जूनमध्ये बदलणारा. यंदाचा सतरा नंबर म्हणजे गेल्या वर्षीचा सतरा नंबर नव्हे. म्हणूनच शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आम्ही जनरल रजिस्टरचा नंबर घालायचो. तो त्या शाळेत मुलाचा कायमचा.

लिनक्सकडेही असं रजिस्टर आहे. प्रत्येक विभाग फॉरमॅट होताना त्याला यूयूआयडी नावाचा लांबलचक क्रमांक मिळतो. शिवाय 'डेव्ह'मधल्या 'डिस्क' फोल्डरात 'बाय-आयडी' म्हणून एक यादी असते. तिथे डिस्क तिच्या कंपनीच्या नावाने आणि अनुक्रमांकाने सापडते.

काही जण म्हणतात, ही नावं ठेवण्याची पद्धतच वाईट. मला तसं वाटत नाही. हजेरी घ्यायला हजेरी क्रमांकच सोयीचा. माझी तक्रार शिकवणाऱ्यांविषयी आहे (मीही त्यातलाच). नवख्याला थेट 'एसडीबी' लिहून देऊ नये. आधी 'एलएसबीएलके' ही आज्ञा देऊन डिस्कचा आकार बघायला लावावं, आणि पुसण्याच्या कामाला कायमचंच नाव वापरायला शिकवावं.

दादरला ९ डिसेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेचा १ नंबरचा फलाट ८ नंबरचा झाला. तेव्हा आम्ही मुलुंडकर पाटी वाचायला शिकलोच की! तिथे चुकलो तर फार तर गाडी चुकते.

ओळखीच्या एका मुलाने बरेचसे फोटो परत काढून दिले. फाइलींची नावं मात्र गेली. आता रोज दुपारी एकेक फोटो उघडतो, चेहरे ओळखतो आणि पुन्हा नाव देतो. साल, इयत्ता, तुकडी. हजेरी क्रमांक नाही.