मुलाखत टार्गेटचीही व्हावी!

माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील नोकरी म्हणजे संगणकासमोर बसून प्रोग्रॅम लिहिणे, हे समीकरण मराठी मध्यमवर्गाच्या मनात गेली तीन दशके पक्के बसले होते. २०२३-२४ या आर्थिक वर्षात त्याला मोठा तडा गेला. त्या एका वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तीन कंपन्यांची कर्मचारीसंख्या मिळून सुमारे ६४ हजारांनी घटली. पुढे जुलै २०२५मध्ये टीसीएसने बारा हजारांहून अधिक पदे कमी करण्याचे जाहीर केले. अशा वेळी तरुण अभियंत्यांना दुसऱ्या दाराचा विचार करणे भाग आहे. तंत्रज्ञानाची विक्री हे त्यांपैकी एक दार. मात्र, त्यातून आत शिरताना कोणते प्रश्न विचारावेत, याची तयारी फारच थोडे उमेदवार करतात.

विक्री म्हटले की दारोदार फिरणारा सेल्समन आपल्या डोळ्यांपुढे येतो. कंपन्यांना सॉफ्टवेअर विकण्याचे काम याहून बरेच वेगळे आहे. एकेक व्यवहार महिनोन्महिने चालतो आणि त्यात वापरणारा, मंजुरी देणारा व पैसे देणारा अशी निरनिराळी माणसे असतात. पीटीसी या अमेरिकी कंपनीत १९९०च्या दशकात आकाराला आलेली 'मेडिक' ही पद्धत नेमके हेच शिकवते. ग्राहकाचा लाभ आकड्यांत मांडा, पैसे मंजूर करणारी व्यक्ती शोधा, निर्णयाचे निकष व प्रक्रिया समजून घ्या, खरी अडचण ओळखा आणि ग्राहकाच्या कंपनीत आपला एक पाठीराखा तयार करा, असे तिचे सार आहे. मुलाखतीत अनुभवी उमेदवाराला एखाद्या व्यवहाराची हकिकत विचारली जाते, तेव्हा याच गोष्टी तपासल्या जातात. म्हणूनच जिंकलेल्या व्यवहाराबरोबर हातचा गेलेला एक व्यवहारही कारणांसह सांगता आला पाहिजे. अस्खलित इंग्रजीच्या धास्तीने मागे राहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की या कामात बोलण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक मोल नेमके ऐकण्याला आहे.

खरी मेख आहे ती पगारात. समजा, देऊ केलेला आकडा वर्षाला बारा लाख रुपयांचा आहे. विक्रीच्या नोकरीत त्यातील सात-आठ लाखच निश्चित आणि उरलेली रक्कम टार्गेट पूर्ण झाल्यावर मिळणारी, अशी विभागणी असू शकते. दहा जणांच्या चमूत तिघांनीच टार्गेट गाठले असेल, तर बारा लाख हा आकडा उरलेल्या सात जणांपुरता कागदावरच राहतो. गृहकर्जाचा हप्ता मात्र कागदावर भरता येत नाही!

त्यामुळे उमेदवारानेही मुलाखत घेतली पाहिजे. गेल्या वर्षी चमूतील किती जणांनी टार्गेट पूर्ण केले? या जागेवर आधी कोण होते आणि ते का गेले? माझ्या वाट्याला कोणता प्रदेश, कोणते ग्राहक येणार? जम बसेपर्यंत टार्गेटमध्ये किती महिन्यांची सवलत आहे? कमिशन ऑर्डर मिळताच मिळते, की ग्राहकाचे पैसे जमा झाल्यावर? ग्राहकाने करार मोडल्यास ते परत घेतले जाते का? हे प्रश्न उद्धटपणाचे नाहीत. आकड्यांवर माणसे जोखणाऱ्या क्षेत्रात आकडे विचारणे हीदेखील पात्रताच ठरते. उत्तरे टाळली गेली, तर तेही एक उत्तरच समजावे.

टार्गेटचा हव्यास कंपनीलाही कसा बुडवू शकतो, याचा धडा ओरॅकलच्या इतिहासात आहे. पुढे होणारी विक्री आजच दाखवण्याची सवय या कंपनीला भोवली आणि १९९०मध्ये तिला सुमारे दहा टक्के कर्मचारी कमी करावे लागले. आकडा कसा आला, हे न विचारणाऱ्या संस्थेची किंमत शेवटी कर्मचाऱ्यांनाच मोजावी लागते.

बढतीबाबतही भाबडेपणा नको. सुरुवातीला फोन-ईमेल करून भेटी ठरवायच्या, मग व्यवहार सांभाळायचे, नंतर मोठे ग्राहक, असा हा जिना आहे. त्यातील पहिल्याच पायरीवरची बरीच कामे आता कृत्रिम बुद्धिमत्ता करू लागली आहे. तेव्हा केवळ यादी घेऊन फोन फिरवणाऱ्यापेक्षा ग्राहकाचा धंदा समजून घेणाराच टिकेल. शिवाय उत्तम विक्रेता उत्तम व्यवस्थापक होतोच असे नाही. ज्याला तंत्रज्ञानातच रस आहे, त्याला विक्रीपूर्व सल्लागाराची वाटही मोकळी आहे. अभियांत्रिकीची पदवी तिथे थेट उपयोगी पडते.

विक्रीची नोकरी कमी प्रतीची, हा आपल्याकडील समज सोडून देण्याची वेळ आली आहे. पण त्याच्या जागी मोठ्या पॅकेजची भुरळ येऊन बसली, तर काहीच साधणार नाही. ज्याला ग्राहकाला योग्य प्रश्न विचारायचे आहेत, त्याने त्याची सुरुवात आपल्या भावी मालकापासून करायला हवी.